मतदानाची सुट्टी गावाला नसते, मतदाराला असते

वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे गावाहून रोज नागपूरजवळच्या बुटीबोरीला कामाला येणाऱ्या एका तरुणाचा हा प्रश्न आहे. तो ठेकेदारामार्फत एका कारखान्यात लागला आहे. २०२४ च्या लोकसभेला नागपूरचं मतदान १९ एप्रिलला झालं, त्या दिवशी कारखाना बंद होता. त्याचं स्वतःचं मतदान वर्धा मतदारसंघात, म्हणजे २६ एप्रिलला. त्या दिवशी तो गावी मत द्यायला थांबला आणि ठेकेदाराने हजेरी कापली. "तुमची सुट्टी मागच्या शुक्रवारीच झाली," असं त्याला सांगण्यात आलं. वडील ८३ वर्षांचे आहेत, त्यांना घरूनच मत देता येईल का? बहीण नागपुरात सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, मतदानाच्या दिवशी तिची ड्युटी हमखास लागते, तिने काय करायचं? आणि शेवटी तो विचारतो की परदेशात लोक आठ-दहा दिवस आधीच मत देऊन मोकळे होतात, तसा कायदा आपल्याकडे का नाही?

मी महसूल खात्यात २३ वर्षं काढली, त्यातली बरीचशी निवडणूक शाखेत. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, पण पहिली गोष्ट लगेच सांगतो. तुझी हजेरी कापणं चूक होतं. तुझी सुट्टी २६ एप्रिलचीच होती आणि तीही भरपगारी.

याचा आधार आहे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधलं कलम १३५ ब. हे कलम मूळ कायद्यात नव्हतं, १९९६ च्या दुरुस्तीने आलं. कोणत्याही धंद्यात, व्यापारात, औद्योगिक उपक्रमात किंवा इतर आस्थापनेत काम करणारी आणि लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क असलेली प्रत्येक व्यक्ती मतदानाच्या दिवशी सुट्टीला पात्र आहे, असं ते सांगतं. नीट वाच. कलमात कारखाना कुठे आहे याचा उल्लेखच नाही. हक्क माणसाला जोडलेला आहे, जागेला नाही. कारखाना नागपूर जिल्ह्यात आणि नाव वर्ध्याच्या यादीत असेल, तर सुट्टी वर्ध्याच्या मतदानाची. निवडणूक आयोगाने हे वेळोवेळी स्पष्ट केलं आहे आणि राज्याचा कामगार विभाग प्रत्येक मोठ्या निवडणुकीआधी जे परिपत्रक काढतो, त्यातही मतदार कामानिमित्त मतदान क्षेत्राबाहेर असला तरी त्याला सुट्टी द्यायची, असं लिहिलेलं असतं.

नागपूरकडे हा घोळ इतरांपेक्षा जास्त होतो, त्याचं कारण आपला भूगोल. २०२४ ला नागपूर, रामटेक, भंडारा-गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर यांचं मतदान पहिल्या टप्प्यात १९ ला झालं. वर्धा, अमरावती, यवतमाळ-वाशिम दुसऱ्या टप्प्यात २६ ला. बुटीबोरीच्या गेटवर सकाळी उभं राहिलं तर वर्ध्याकडून येणाऱ्या गाडीतून उतरणारी माणसं दिसतात. शहरातल्या हॉटेलांत, बांधकामांवर छिंदवाडा आणि बालाघाटची माणसं असतात, म्हणजे राज्यही दुसरं. कंपनीच्या माणसाच्या डोक्यात मात्र एकच तारीख असते, नागपूरची. तो त्या दिवशी गेट बंद करतो आणि आपलं काम झालं असं समजतो. बहुतेक ठिकाणी यात कपट नसतं, अज्ञान असतं. पण दिवस बुडतो तो कामगाराचाच.

आता पैशाचं. निवडणुकीच्या काळात माझ्याकडे सगळ्यात जास्त तक्रार हीच यायची, आणि शब्दही ठरलेले: "सुट्टी भेटते जी, पण ठेकेदार हजेरी कापते." कलमाचं दुसरं पोटकलम नेमकं याच्यासाठी आहे. सुट्टीमुळे मजुरीत कोणतीही कपात करता येत नाही. आणि एखादा माणूस अशा बोलीवर कामाला असेल की त्या दिवशी काम नाही तर दामही नाही, तरी सुट्टी दिली नसती तर त्याला जी मजुरी मिळाली असती ती त्याला द्यावीच लागते. म्हणजे रोजंदारीचा कामगारही यात आला. "परमनंटला पगारी, ठेकेदारीवाल्याला बिनपगारी" असा भेद कायद्यात नाही. तुझ्या बाबतीत ठेकेदार आणि मूळ कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतील, त्यांना तसं करू देऊ नकोस. अर्ज दोघांच्याही नावाने कर.

काही ठिकाणी "मतदानाची सुट्टी घ्या आणि त्याऐवजी येत्या रविवारी या" असं सांगतात. माझं मत स्पष्ट आहे. साप्ताहिक सुट्टी तुझी आधीपासूनच होती. ती काढून घेऊन मतदानाची दिली, तर मालकाने काहीच दिलेलं नाही. दुकानं आणि आस्थापनांसाठीच्या २०१७ च्या महाराष्ट्र कायद्यात सणांच्या ज्या ८ पगारी सुट्ट्या आहेत, त्यांतूनही मतदानाचा दिवस वळता करून घेऊ नये. तो वेगळ्या कायद्याने दिलेला वेगळा दिवस आहे. आणखी एक प्रकार मला फार खटकतो. काही मालक दुसऱ्या दिवशी बोटावरची शाई बघून मगच हजेरी लावतात. मत द्यावं हे मलाही मनापासून वाटतं, पण कलमात शाई दाखवण्याची अट नाही. सुट्टी मतदानाचा हक्क असलेल्याला आहे. त्याने तो बजावला की नाही, हे तपासण्याचा अधिकार मालकाला कोणी दिलेला नाही.

तिसऱ्या पाळीचा प्रश्न वेगळा आहे. रात्री ११ ला कामावर गेलेला माणूस मतदानाच्या दिवशी सकाळी ७ ला सुटतो. कलम 'मतदानाचा दिवस' म्हणतं, पाळीबद्दल गप्प आहे. माझा सल्ला असा की आदल्या रात्रीची पाळी मतदानाच्या दिवसात घुसते, म्हणून ती रद्द करावी किंवा मध्यरात्री संपवावी अशी मागणी आठ दिवस आधी लेखी करावी. रात्रभर उभं राहून काम केलेला माणूस सकाळी पन्नास किलोमीटर जाऊन एप्रिलच्या उन्हात रांगेत उभा राहील, ही अपेक्षा विदर्भात तरी कोणी करू नये.

कलमाला एक अपवाद आहे आणि तो खरा आहे. ज्याच्या गैरहजेरीने धोका निर्माण होईल किंवा कामाचं मोठं नुकसान होईल, अशा मतदाराला हे कलम लागू नाही. कोराडीच्या वीज केंद्रातली पाळी, दवाखान्याचा अतिदक्षता विभाग, सतत पेटती ठेवावी लागणारी भट्टी ही त्याची सरळ उदाहरणं. अशा ठिकाणी कामगार विभागाच्या परिपत्रकांत पूर्ण दिवसाऐवजी दोन ते तीन तासांची सवलत देण्याची मुभा असते. पण त्यासाठी आस्थापनेने जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची असते. इथेच अडवायचं. मालक "आमचं काम थांबवता येत नाही" म्हणाला की शांतपणे विचारायचं, परवानगीचं पत्र आहे का? पॅकिंग विभागाला आणि गोदामालाही 'अत्यावश्यक' म्हणणारे मी पाहिले आहेत. पत्र मागितलं की त्यातले बरेच गप्प होतात.

कलम मोडणाऱ्या मालकाला दंड किती, तर ५०० रुपयांपर्यंत. १९९६ ला लिहिलेला आकडा आजही तोच आहे. शंभर माणसांचा एक दिवसाचा उत्पादनाचा हिशेब करणाऱ्याला ५०० रुपये म्हणजे चहापाण्याचा खर्च. हा आकडा वाढायला हवा आणि तो माणसागणिक लागायला हवा, असं मी नोकरीत असताना बैठकांमध्येही म्हणत आलो. तोवर दंडाच्या भरवशावर राहू नये. मतदान झाल्यावर केलेल्या तक्रारीतून फार तर कापलेली मजुरी परत मिळेल, गेलेलं मत परत येत नाही. मतदानाच्या चार-पाच दिवस आधी अपर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात किंवा जिल्हा निवडणूक नियंत्रण कक्षात दिलेला एक साधा अर्ज त्याहून किती तरी जास्त काम करतो. १९५० हा मतदार मदत क्रमांकही आहे. त्या दिवसांत प्रशासन जागं असतं आणि एका फोनने गेट उघडलेलं मी अनेकदा पाहिलं आहे.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेव. १३५ ब फक्त लोकसभा आणि विधानसभेला लागू आहे. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यांचे कायदे वेगळे. नागपूर महापालिकेचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी झालं. अशा वेळी सुट्टी येते ती राज्य शासनाच्या निर्णयातून आणि कामगार विभागाच्या परिपत्रकातून. म्हणून त्या निवडणुकीत परिपत्रकाची प्रत खिशात हवी. कलमाचा आकडा सांगून भांडायला गेलास तर समोरचा वकील तुला तिथेच थांबवेल.

इथे 'सुट्टी' या शब्दाचा गुंता सोडवायला हवा, कारण निम्मे वाद त्यातूनच होतात. मंत्रालयातून सामान्य प्रशासन विभाग जी सार्वजनिक सुट्टी जाहीर करतो, ती परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ खाली असते. तो मुळात हुंड्या आणि धनादेशांचा कायदा. बँक बंद असेल त्या दिवशी हुंडीची मुदत संपली तर काय करायचं, यासाठी त्यात सार्वजनिक सुट्टीची व्याख्या आली. केंद्राने ८ मे १९६८ च्या अधिसूचनेने हा अधिकार राज्यांकडे सोपवला, आणि म्हणून दरवर्षीच्या सुट्ट्यांच्या यादीवर त्या तारखेचा उल्लेख दिसतो. या सुट्टीने सरकारी कचेऱ्या आणि बँका बंद होतात. खाजगी कारखान्याचं गेट तिने बंद होत नाही. ते बंद होतं १३५ ब मुळे. कंपनीतला माणूस जेव्हा "वर्ध्याला सरकारी सुट्टी असेल, आम्हाला काय त्याचं" म्हणतो, तेव्हा तो या दोन सुट्ट्यांची गल्लत करत असतो.

पण सार्वजनिक सुट्टीचा निवडणुकीशी दुसरा एक संबंध आहे आणि तो फारसा कोणाला माहीत नसतो. निवडणुकीचं वेळापत्रक लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्याच कलम ३० ने बांधलेलं आहे. निवडणुकीच्या अधिसूचनेनंतर सातवा दिवस उमेदवारी अर्जांचा शेवटचा, त्याच्या लगेच पुढच्या दिवशी छाननी, छाननीनंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत, आणि माघारीनंतर किमान चौदावा दिवस उजाडल्याशिवाय मतदान नाही. यातला पहिल्या तीनपैकी कोणताही दिवस सार्वजनिक सुट्टीचा आला की तो पुढच्या कामाच्या दिवसावर जातो. सुट्टीच्या दिवशी अर्जही स्वीकारता येत नाही.

२०२४ च्या विधानसभेचं पंचांग आठवून बघ. अधिसूचना २२ ऑक्टोबरला, अर्ज २९ पर्यंत, छाननी ३० ला. माघार हिशेबाने १ नोव्हेंबरला यायला हवी होती. त्या दिवशी होतं लक्ष्मीपूजन, २ ला पाडवा, ३ ला रविवार आणि भाऊबीज. म्हणून माघारीचा दिवस थेट ४ नोव्हेंबर. उमेदवारांना बंडखोरांची समजूत काढायला दिवाळीचे तीन दिवस फुकट मिळाले, अशी तेव्हा चर्चा होती. कारण मात्र एवढंच होतं. आता ४ मध्ये १४ मिळव, १८ नोव्हेंबर येतो. मतदान झालं २० ला, बुधवारी. विधानसभेची मुदत २६ ला संपत होती. सणांच्या चार सुट्ट्या आणखी मध्ये आल्या असत्या तर आयोगाच्या हातात किती दिवस उरले असते, ते तूच मोज.

त्याच वर्षी लोकसभेच्या पहिल्या टप्प्यात बिहारचं वेळापत्रक बाकी देशापेक्षा वेगळं होतं. आपल्याकडे अर्जाची शेवटची तारीख २७ मार्च. बिहारमध्ये होळीच्या सुट्टीमुळे ती २८ झाली. लगेच २९ ला गुड फ्रायडे आला, म्हणून छाननी ३० ला आणि माघार २ एप्रिलला. एका दिवसाच्या सुट्टीने पुढची सगळी माळ सरकली, मतदान मात्र दोन्हीकडे १९ एप्रिललाच. आम्ही निवडणूक शाखेत कार्यक्रम हाती पडला की आधी सुट्ट्यांची यादी शेजारी ठेवायचो, ते याच्यासाठी.

आता आधी मतदान. आपल्याकडे सर्वसाधारण मतदाराला ठरलेल्या दिवसाआधी केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. पण ठराविक लोकांसाठी खिडक्या उघडल्या आहेत, आणि त्या दरवेळी मोकळ्या राहतात, कारण लोक मतदानाच्या तारखेकडे बघत बसतात. खिडकी उघडते आणि बंद होते ती अधिसूचनेच्या तारखेवरून. मला या सगळ्या उत्तरात सर्वांत कळकळीने काय सांगायचं असेल तर हे.

वडिलांचं घे. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांत २०१९ ला दुरुस्ती झाली आणि ८० वर्षांवरच्या ज्येष्ठांना व दिव्यांगांना टपाली मतदानाची सोय मिळाली. घरी पथक येतं, मतपत्रिका देतं, गुप्तता राखून मत घेतं, त्याचं चित्रीकरण होतं, पण मत कोणाला दिलं ते दिसत नाही. मार्च २०२४ मध्ये वयाची अट ८० वरून ८५ केली गेली. म्हणजे ८३ व्या वर्षी वयाच्या आधारावर त्यांना घरून मत देता येणार नाही. त्यांच्याकडे ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर येईल. गुडघ्यांनी चालवत नाही एवढ्यावर भागत नाही, प्रमाणपत्र हवं. ते नसेल तर केंद्रावर चाकाची खुर्ची आणि ज्येष्ठांना रांगेत प्राधान्य मिळतं, त्यासाठी बीएलओला, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, आधी सांगून ठेव. वय ८५ वर गेलं की नमुना १२ ड, म्हणजे टपाली मतदानाचा अर्ज, भरायचा. बीएलओ तो घरी आणून देतो. आणि हा नमुना अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत परत जावा लागतो.

हे पाच दिवस कसे जातात ते बघ. २०२४ ला नागपूरची अधिसूचना २० मार्चला, बुधवारी निघाली. पाच दिवस म्हणजे २५ मार्च. त्यात २४ ला रविवार आणि होळी, २५ ला धुळवड. मतदान १९ एप्रिलला, तेव्हा घरच्यांना वाटतं अजून महिना आहे. नातू होळीला गावी आला, आजीचा फॉर्म बघितला, "मंगळवारी देऊन टाकू" म्हणाला आणि मंगळवारी मुदत संपलेली. अशी घरं मला ठाऊक आहेत. त्यातल्या एका आजीला मुलाने मग १९ तारखेला भर दुपारी पाठीवर बसवून केंद्रावर आणलं होतं. ते चित्र लोकांना फार आवडलं. मला त्यात फक्त हुकलेला फॉर्म दिसत होता.

फॉर्म मंजूर झाला की यादीत नावापुढे टपाली मतपत्रिकेची खूण होते. मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. पथक आलं तेव्हा मतदार घरी नसेल तर ते एकदा पुन्हा येतं, तिसऱ्यांदा नाही. म्हणून आईला त्या दिवसांत मुलीकडे अमरावतीला पाठवायचं असेल तर फॉर्म भरण्याआधी विचार करावा.

बहिणीची गोष्ट यापेक्षा वेगळी. अत्यावश्यक सेवेतले जे मतदार मतदानाच्या दिवशी ड्युटीवर असतात, त्यांच्यासाठी टपाल मतदान केंद्र उघडतं. सलग तीन दिवस, सकाळी ९ ते संध्याकाळी ५, आणि हे सगळं मतदानाच्या तीन दिवस आधी संपलेलं असतं. मी तर यालाच आपल्याकडचं खरं आधी मतदान म्हणतो. तुमच्या सोयीच्या दिवशी, ओळखपत्र दाखवून, बंद पेटीत. कोणत्या सेवा यात येतात हे आयोग त्या त्या निवडणुकीत अधिसूचित करतो. रेल्वे, वीज, आरोग्य, टपाल, अग्निशमन, आयोगाचं अधिकारपत्र असलेले पत्रकार असे गट असतात. तिने अधिसूचना निघण्याआधीच आपल्या खात्यात हे काम बघणारा नोडल अधिकारी कोण ते शोधावं. तिथेही नमुना १२ ड आणि तेच पाच दिवस. ड्युटीचा तक्ता लागेल तेव्हा बघू म्हणणाऱ्या किती तरी नर्स आणि लाइनमन मताला मुकतात, कारण तक्ता लागतो शेवटच्या आठवड्यात. वाहिन्या आणि वर्तमानपत्रं टक्केवारीवर अग्रलेख लिहितात, तेव्हा रात्रभर जागून शहर चालवणारी ही माणसं त्या 'मत न देणाऱ्यां'मध्ये मोजली जातात, याचं मला वाईट वाटतं.

निवडणूक कामावरच्या शिक्षक-कर्मचाऱ्यांसाठी पुन्हा वेगळी वाट आहे. पूर्वी त्यांना टपाली मतपत्रिका घरी नेता यायची. २०२३ च्या दुरुस्तीपासून ती मतपत्रिका त्यासाठी उघडलेल्या 'सुविधा केंद्रा'तच भरून द्यावी लागते. चांगलं झालं. घरी नेलेल्या मतपत्रिकेवर कोणाकोणाचं लक्ष असायचं ते गावातल्या शिक्षकाला विचार.

आता तुझा शेवटचा प्रश्न, सगळ्यांनाच आधी मत का देता येत नाही? आधी बाहेरचं बघू, कारण तिथेही सुट्ट्यांशी झटापट आहेच. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार हा दिवस १८४५ च्या कायद्याने ठरला. त्या दिवशी देशभर सुट्टी नाही, म्हणून राज्यागणिक आधी मतदानाचे वेगवेगळे नियम आले. म्हणजे तिथे आधी मतदान हे बऱ्याच अंशी नसलेल्या सुट्टीची भरपाई आहे. ऑस्ट्रेलियात मतदान सक्तीचं आणि शनिवारी. आधी मतदान फार तर बारा दिवस आधीपासून. २०२५ ला ३ मे ही तारीख होती, बारा दिवस मागे गेलं तर ईस्टर सोमवार येत होता, म्हणून सुरुवात मंगळवारी २२ एप्रिलला झाली. दक्षिण कोरियात नियमित निवडणुकीचं मतदान कायद्याने बुधवारी ठेवतात. तो बुधवार सुट्टीचा असेल किंवा त्याला लागून सुट्टी येत असेल, तर पुढच्या आठवड्याचा बुधवार. मतदानाला सुट्टीही देतात आणि शिवाय आधी मतदानासाठी वेगळे दोन दिवसही.

कॅनडाचं उदाहरण आपल्याला जवळचं वाटेल. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने एक विधेयक आणलं, त्यात २० ऑक्टोबर २०२५ ची ठरलेली निवडणूक आठवडाभर पुढे न्यायची होती. एक कारण दिवाळी. त्याच विधेयकात आधी मतदानाचे दोन दिवस वाढवण्याचीही तरतूद होती. पण तारीख पुढे गेली की काही खासदार निवृत्तिवेतनाला पात्र ठरत होते, त्यावरून गदारोळ झाला आणि विधेयक मंजूर न होताच संपलं. मला यातून दिसतं ते हे, की तारीख बदलण्याचा अधिकार संसदेच्या हातात असला की प्रत्येक दिवसाला हेतू चिकटतो. आपल्याकडे तो आयोगाकडे आहे आणि आयोगाने तो वापरलाही आहे. पंजाबात २०२२ ला गुरू रविदास जयंतीमुळे १४ फेब्रुवारीचं मतदान २० ला गेलं. राजस्थानात २०२३ ला देवउठनी एकादशीच्या लग्नांमुळे २३ नोव्हेंबरचं २५ ला. हरियाणात २०२४ ला बिश्नोई समाजाच्या अमावास्येमुळे १ ऑक्टोबरचं ५ ला.

नागपूरसाठी मात्र २०२४ ची लोकसभेची तारीख मला तेव्हाही पटली नव्हती. १७ एप्रिल बुधवार, रामनवमी. पोद्दारेश्वर राम मंदिराच्या शोभायात्रेला अख्खं शहर रस्त्यावर असतं, त्यामुळे तो दिवस नागपूरकर सोडत नाही. १९ शुक्रवार, मतदान. मग शनिवार-रविवार. गुरुवारची एक रजा टाकली की पाच दिवसांची सलग सुट्टी. मतदान झालं ५४ टक्क्यांच्या आसपास. सगळा दोष त्या पाच दिवसांचा नाही, ऊनही होतं आणि याद्यांतले घोळही होते. २०१९ ला ११ एप्रिलला, गुरुवारीही आकडा जवळपास तेवढाच होता. तरीही आठवड्याच्या मधला, सुट्टीला न चिकटलेला दिवस हाच शहरासाठी बरा. राज्यात २०१९ ची विधानसभा सोमवारी झाली तेव्हा ६१ टक्के, २०२४ ची बुधवारी झाली तेव्हा ६६ टक्के. याला बुधवारच कारण होता असं मी म्हणणार नाही, पण त्याने नुकसान नक्की झालं नाही.

सर्वांसाठी आधी मतदान नको म्हणणारे सांगतात की यंत्रं इतके दिवस सांभाळायची कशी. हा युक्तिवाद मला टिकणारा वाटत नाही. १९ एप्रिलला मतदान झालेली नागपूरची यंत्रं ४ जूनच्या मतमोजणीपर्यंत कळमना मार्केट यार्डात ४६ दिवस पहाऱ्यात होतीच. खरी अडचण दुसरी आहे. मतदान संपण्याआधीचे ४८ तास प्रचार बंद असतो. मतदानच दहा दिवस चाललं तर ही शांतता कधी धरायची? प्रत्येक केंद्रावर उमेदवाराचा प्रतिनिधी दहा दिवस बसवणं मोठ्या पक्षाला जमेल, अपक्षाला नाही. शाळा दहा दिवस बंद ठेवायच्या का? म्हणून सर्वांसाठी लांबलचक आधी मतदानाच्या बाजूने मी नाही. परगावच्या मतदारांसाठी आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढे मांडलेली दूरस्थ मतदान यंत्राची कल्पनाही पुढे सरकली नाही.

पण आहे त्याच कायद्यात एक सरळ रस्ता आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम ६० प्रमाणे आयोग शासनाशी विचारविनिमय करून एखाद्या वर्गाला टपाली मतदानासाठी अधिसूचित करू शकतो. अत्यावश्यक सेवेची खिडकी अशीच उघडली. नवा कायदा न करता ती पाळीत काम करणाऱ्यांसाठी आणि मतदारसंघाबाहेर रोज जाणाऱ्यांसाठी उघडता येईल. टपाल मतदान केंद्राचे तीन दिवस, त्यातला एक रविवार, आणि अर्जाची मुदत पाचऐवजी दहा दिवस. सिंदीहून बुटीबोरीला येणारा माणूस रविवारी वर्ध्याला जाऊन मत देईल आणि ठेकेदाराच्या तोंडाला लागायची पाळीच येणार नाही. कामगार संघटनांनी ही मागणी धरायला हवी. बोनसच्या मागणीपत्रात हा एक मुद्दा घालायला काही खर्च येत नाही.

ते होईल तेव्हा होईल. तू आत्ता एवढं कर. २६ एप्रिल २०२४ ची कापलेली मजुरी किरकोळ वाटली तरी मतदार यादीतल्या नोंदीची प्रत आणि त्या महिन्याची वेतन चिठ्ठी जोडून ठेकेदार आणि कंपनी दोघांना लेखी अर्ज दे, प्रत कामगार कार्यालयाला, आणि आवक शिक्का मारून घ्यायला विसरू नकोस. बरोबरच्या वर्ध्याकडच्या कामगारांची नावंही त्यात घाल, एकट्याचा अर्ज फायलीत झोपतो. पुढची निवडणूक जाहीर होईल त्या आठवड्यात, कोणाची यादी कुठे आणि कोणाचं मतदान कोणत्या तारखेला, असा एक कागद गेटवर लावायला कंपनीला सांग. बहिणीला नोडल अधिकाऱ्याचं नाव आजच विचारून ठेवायला लाव. आणि वडिलांची जन्मतारीख मतदार यादीत बरोबर आहे का ते बघ. यादीत वय दोन वर्षांनी कमी लागलेलं असेल तर ८५ पूर्ण झाल्यावरही बीएलओ त्यांच्या दारात १२ ड घेऊन येणार नाही. दुरुस्तीसाठी नमुना ८ आहे, आणि तो निवडणूक नसतानाच्या दिवसांत भरला तर काम वेळेवर होतं.